बोट लागलं, पंचांनी पाहिलं नाही

सोलापुरातल्याच एका आईनं विचारलेला हा प्रश्न. मुलगा आठवीत, शाळेच्या खो-खो संघात. खेळानं शिस्त लागेल, स्वभाव सुधारेल असं सगळ्यांनी सांगितलं म्हणून त्याला मैदानावर घातलं. वर्ष झालं, पण तो उलट चिडका झालाय. हरून आला की जेवत नाही, पंचांना नावं ठेवतो, धाकट्या बहिणीवर राग काढतो. बाबांचं म्हणणं, दहावी होईपर्यंत हे बंद करू. आईला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. खेळानं खरंच स्वभाव घडतो का? आणि चांगला प्रशिक्षक ओळखायचा कसा?

ताई, मी आयुष्याचा मोठा भाग खो-खोच्या मैदानावर मुलांबरोबर काढलाय, तेव्हा सरळच सांगतो. नुसतं मैदानावर पाठवल्यानं स्वभाव घडत नाही. राग, हेवा, भीती, जिंकायची हाव हे सगळं रोजच्या तास-दीड तासात मुलाच्या अंगावर येतं. त्या वेळी त्याच्याजवळ उभा असलेला मोठा माणूस काय बोलतो, काय चालवून घेतो आणि काय नाही, त्यावर पुढचं ठरतं. तुमचा मुलगा चिडका झालाय याचा अर्थ खेळ त्याच्यापर्यंत पोचलाय. आता ते हाताळायला कुणीतरी हवं.

हे माझं एकट्याचं मत नाही. १९७१ साली ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हजारो खेळाडूंच्या चाचण्या घेऊन लिहिलं की खेळानं चारित्र्य घडतं याला पुरावा सापडत नाही. जिद्द, सहनशक्ती असलेली मुलं मुळात टिकतात, बाकीची गळतात, आणि आपण टिकलेल्यांकडे बोट दाखवून खेळानं घडवलं म्हणतो, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो अर्धा पटतो. गळून गेलेल्या मुलांचा हिशेब कुणी ठेवत नाही, हे आपल्याकडेही खरं आहे.

उरलेला अर्धा मुद्दा सिएटलच्या अभ्यासांत सापडतो. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक घेतले आणि त्यांना एक छोटं प्रशिक्षण दिलं. शिकवलं ते अगदी साधं: प्रयत्न केला की लगेच शाबासकी द्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग नेमकं काय करायचं ते सांगा, ओरडणं आणि शिक्षा टाळा. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की साध्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं पुढच्या वर्षी खेळायला आलीच नाहीत, तर प्रशिक्षण घेतलेल्यांकडची फक्त ५ टक्के गळली. सामने जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलांना. तोच खेळ, तशीच मुलं, फक्त मोठ्या माणसाचं वागणं बदललं. बेसबॉल आपल्या मुलांनी पाहिलेलाही नसतो, पण चूक झाल्यावर मूल आधी प्रशिक्षकाच्या तोंडाकडे बघतं, हे इथंही तसंच आहे.

आता आपल्या खो-खोकडे येऊ, कारण स्वभावाचं सगळं काम तिथं अगदी जवळून दिसतं.

पळणारा खेळाडू वळतो, आक्रमकाचं बोट त्याच्या कोपराला निसटतं लागतं. पंच दुसऱ्या बाजूला असतात. त्यांना दिसतं किंवा नाही. पण बोट लागलंय हे पळणाऱ्याला कातडीवर कळलेलं असतं. मग त्या अर्ध्या सेकंदात पोरगा काय करतो? बहुतेक जण पळत राहतात, आणि आक्रमकानं हात वर केला की ओरडतात, ‘नाय ओ सर, लागलंच नाय!’ तेरा वर्षांच्या मुलाकडून याहून वेगळी अपेक्षा पहिल्याच दिवशी ठेवू नये. पण पुढच्या क्षणी प्रशिक्षकानं ‘शाब्बास, पळ, पळ!’ म्हटलं तर त्या मुलाला त्या दिवशी एक धडा मिळाला. खोटं पचतं, आणि सरांनाही चालतं.

माझ्याकडे सरावाच्या सामन्यात पंच नसतो. मुद्दाम ठेवत नाही. बोट लागलं की पळणाऱ्यानं स्वतः हात वर करून बाहेर यायचं. कुणी आलं नाही आणि वाद झाला तर डाव थांबतो, दोघांनी आपसांत ठरवायचं, मी मध्ये पडत नाही. घड्याळ मात्र चालू राहतं, त्यामुळे वाद घालणाऱ्यांना त्यांच्याच संघातले गप्प करतात. पहिले काही आठवडे नुसता गोंधळ असतो. ‘काय बे, लागलं की!’ ‘कुठं लागलं, दाखव!’ हे ऐकावं लागतं. ज्या प्रशिक्षकाला हा गोंधळ सोसत नाही तो शिट्टी हातात घेतो, आणि सगळा निकाल पुन्हा मोठ्या माणसाकडे जातो.

खऱ्या स्पर्धेत मी नियम थोडा वेगळा ठेवतो. तिथं निर्णय पंचांचा. बोट लागलं नसताना आक्रमकानं हात वर करून दाद मागायची नाही, हे सक्तीचं. पंचांनी विचारलं तर खरं सांगायचं, हेही सक्तीचं. कुणी विचारलं नाही तरी स्वतःहून बाहेर यायचं का, ते मी मुलावर सोडतो. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते तिथंही सक्ती हवी. पण माझा अनुभव असा की सक्तीनं बाहेर आलेला मुलगा मला बघून बाहेर येतो आणि मी नसलो की येत नाही. स्वतःहून आलेला कुठंही येतो.

एक मुलगा होता, १४ वर्षांखालच्या गटातला. अतिशय चपळ, हुलकावणी अशी की समोरचा तिसऱ्या पावलाला चकायचा. तालुक्याच्या सामन्यात त्याला बोट लागलं होतं, पंचांना दिसलं नाही, तो पळत राहिला, आपला संघ जिंकला. समोरच्या शाळेची पोरं रडत होती. आमच्या मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी त्याला त्या वेळी काही बोललो नाही, कौतुकही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सरावात तसाच प्रसंग सगळ्या संघापुढं ठेवला, कुणाचं नाव न घेता. समोरचा तू असतास तर? चर्चा झाली, दोन बाजू पडल्या, तो मान खाली घालून बसला. त्यानंतर तो लगेच बदलला असं नाही. पुढचे काही महिने तो सरावातही वाद घालायचा. मग पावसाळ्याच्या शेवटी, एका साध्या सरावात, निकालाला काही अर्थ नसलेल्या डावात, आक्रमकालासुद्धा लागलं की नाही याची खात्री नव्हती, तेव्हा हा हात वर करून बाहेर येऊन बसला. मी फक्त ‘बघितलं मी’ एवढंच म्हणालो. एवढंच लागतं. त्याच्या आधीचे महिने मात्र प्रशिक्षकाला द्यावे लागतात, आणि बहुतेक ठिकाणी तेवढा धीर नसतो, कारण पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची स्पर्धा असते.

दुसरी गोष्ट ‘खो’ची. आठ जण मैदानाच्या मधल्या पट्ट्यात एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेले, नववा पळत असतो. त्याला मागं वळता येत नाही, मध्यरेषा ओलांडता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की आक्रमकाला आपली शिकार सोडून, त्या बाजूला तोंड असलेल्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ द्यावाच लागतो. नाहीतर खांबापर्यंत स्वतःच धावायचं आणि वळसा घालून यायचं. चपळ मुलांना हा दुसरा मार्ग फार आवडतो. गडी बाद केला की गुणपत्रकावर आपला क्रमांक लागतो. ज्यानं अचूक वेळी खो दिला म्हणून तो गडी सापडला, त्याचा क्रमांक गुणपत्रकात कुठंच येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वकरंडक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी ती जिंकली. दोघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. आपल्या पोरांच्या डोळ्यांत त्यानं जी चमक आली ती मी पाहिली आणि मला अतिशय आनंद झाला. पण तेव्हापासून मैदानावर येणाऱ्या प्रत्येकाला आधी आकाशीय सूर, म्हणजे हवेत झेपावून गडी बाद करायला शिकायचं असतं. खो द्यायला कुणालाच शिकायचं नसतं. म्हणून बदली खेळाडूंपैकी एकाच्या हातात मी वही देतो. कुणी बाद केलं ते त्यानं लिहायचं नाही. कुणाच्या खोमुळे बाद झाला ते लिहायचं. सरावानंतर ती नावं मोठ्यानं वाचली जातात. बाद करणाऱ्याची नावं सगळ्यांना आठवतातच. या वहीमुळे दोन कामं होतात. खो देणाऱ्याला मान मिळतो. आणि वही लिहिणारा, जो एरवी कडेला बसून चिडचिडत असतो, तो खेळ इतक्या बारकाईनं बघायला लागतो की पुढच्या हंगामात तोच संघाला दिशा सांगतो.

आपल्या शहराची एक गोष्टही इथं सांगितली पाहिजे. सोलापूरच्या एका संघात घरी तेलुगू बोलणारा पूर्व भागातला पोरगा असतो, अक्कलकोट रस्त्यावरचा कन्नड घरातला असतो, उर्दू शाळेतून आलेला असतो, मराठी असतो. कुणाच्या घरी यंत्रमाग, कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील बँकेत. सुरुवातीला जो तो आपल्या भाषेतल्याशीच जोडी लावतो आणि कडेवरून सूचनाही त्याच भाषेत देतो. मग संघात दोन-तीन छोटे संघ तयार होतात. चांगला प्रशिक्षक जोड्या स्वतः लावतो, दर आठवड्याला बदलतो, आणि मैदानातली सूचना सगळ्यांना कळेल अशीच द्यायची हा नियम करतो. वर्षभरात मराठी मुलं चार तेलुगू शब्द शिकतात, डबे एकत्र खाल्ले जातात, शेंगाचटणीवरून भांडणं होतात. माणसाशी वागायचं कसं याचं एवढं चांगलं शिक्षण दुसरीकडे कुठं मिळत असेल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या मुलाच्या चिडण्याबद्दल. तेराव्या-चौदाव्या वर्षी हरणं अंगाला लागतं. त्याला वाटतं आपण हरलो म्हणजे आपणच कमी आहोत. पंचांवर खापर फोडलं की तेवढं हलकं वाटतं. हा त्याचा दोष मानू नका. पण त्याला सवयही लागू देऊ नका. हरल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत मी मुलांना काहीच शिकवत नाही. समोरच्या संघाशी हात मिळवायचे, पंचांना नमस्कार करायचा, पाणी प्यायचं, सामान आवरायचं. त्या वेळी दिलेला कुठलाही उपदेश डोक्यात शिरत नाही, फक्त अपमान लक्षात राहतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकच विचारतो: पंच सोडून, आपल्या हातातलं काय राहिलं? ‘मी लवकर उठलो, फाउल झाला.’ ‘खांबाजवळ श्वास गेला.’ अशी उत्तरं यायला लागली की पंचांचा विषय आपोआप मागं पडतो.

घरी तुम्ही एक करा. गाडीवरून घरी येताना सामन्याची चिरफाड करू नका. ‘किती वेळ पळालास? बाद कसा झालास?’ हे प्रश्न आई-वडील प्रेमानंच विचारतात, पण मुलाला ती उलटतपासणी वाटते. भूक लागली का, एवढं विचारा. जेवला नाही तर एक वेळ राहू द्या, मागं लागू नका. बहिणीवर हात उगारला किंवा तिला बोलला तर मात्र तिथंच थांबवा. हरलाय म्हणून अशा वागण्याला सवलत द्यायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो निवळल्यावर सरांना सांगून ठेवा. घरी काय होतं हे आम्हाला कळतच नाही. मैदानावर गप्प राहणारी मुलं घरी फुटतात.

प्रशिक्षक ओळखायचा कसा? त्याच्या खोलीतले करंडक बघू नका. चार-पाच दिवस कडेला उभं राहून सराव बघा. संघात निवड न झालेल्या मुलांना तो नावानं हाक मारतो का? बदली खेळाडूंना सरावात पळायला मिळतं का, की ते नुसते पाणी आणून देतात? खांब, चुना हे सामान कोण उचलतं? रोज तीच दोन गरीब घरची पोरं उचलत असतील तर तिथं काय शिकवलं जातंय ते तुम्हीच समजा. कर्णधारानं उचललं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्या दिवसांत सराव सकाळी आठच्या आत संपतो का, मध्ये पाणी प्यायला थांबवतात का? ‘पाणी पिणारा कच्चा’ असं म्हणणारे अजून आहेत. अशा माणसाकडे मूल ठेवू नये.

मारणं हा तर विषयच नको. शिक्षण हक्क कायद्यानं, २००९ च्या, कलम १७ मध्ये शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. शाळेचं मैदान शाळेच्या बाहेर नसतं. ‘दोन फटके दिले की पोरगं सुधारतं’ असं सांगणारे पालकच मला जास्त भेटतात, त्यांनाही मी हेच सांगतो. फटक्यानं मूल प्रशिक्षकाला घाबरायला शिकतं, आणि प्रशिक्षक जवळ नसला की त्याला आवरायला काहीच उरत नाही. ज्यांच्या मुली खेळतात त्यांनी आणखी बघावं: बाहेरगावच्या स्पर्धेला संघासोबत महिला शिक्षिका किंवा पालक असतात का, मुक्कामाची सोय वेगळी असते का, सर रात्री एकट्या मुलीला मेसेज पाठवतात का. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुला-मुलीला लैंगिक छळापासून संरक्षण आहे, आणि चांगला प्रशिक्षक असे प्रश्न विचारल्याचा राग मानत नाही. त्याला बरं वाटतं.

आणि एक खूण अशी आहे की ती दिसली तर दुसरं काही बघायची गरज नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. कुणी तुम्हाला म्हणालं, ‘जन्मतारखेचं बघून घेऊ, अजून एक वर्ष लहान गटात खेळेल’, तर त्याच दिवशी मुलाला तिथून काढा. मुलाला हे सगळं समजतं. आई, बाबा आणि सर मिळून खोटा कागद करतात हे ज्यानं पाहिलं, त्याला बोट लागल्यावर हात वर करायला कुठल्या तोंडानं सांगणार? शिवाय तो लहान गटात घुसल्यानं खऱ्या वयाचा एक मुलगा घरी बसतो, तोही बहुधा खेड्यातल्या शाळेचा, ज्याच्यासाठी भांडणारं कुणी नसतं. बोगस प्रमाणपत्रांचंही तसंच. खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. खेळणाऱ्या मुलांच्या मेहनतीची ती रास्त दखल आहे. पण त्या गुणांसाठीच खेळवायचं असेल तर प्रमाणपत्र हेच ध्येय होतं, आणि खोट्या प्रमाणपत्रांचा बाजार तिथूनच भरतो. राज्यात अशी प्रकरणं उघडकीला आली आहेत आणि आता पडताळणी कडक झाली आहे. यात खऱ्या खेळाडूंचीच फरफट होते.

दहावीचा मुद्दा शेवटी घेतोय, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. मुलगा आठवीत आहे. अजून दोन वर्षं आहेत, आत्ता बंद करण्याचं काहीच कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. तेवढी तरी दहावीतही राहू द्या. दहावीच्या वर्षी बाहेरगावच्या स्पर्धा कमी कराव्यात, सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आणावा, परीक्षेआधीचे दोन महिने फक्त अंग मोकळं करायला पाठवावं. पूर्ण तोडलेली मुलं अकरावीत परत येत नाहीत, आणि तोडल्यानं त्यांचे गुण वाढलेले मी फारसे पाहिले नाहीत. तो वेळ मोबाईलवर जातो. क्लासची वेळ आणि सरावाची वेळ आपटत असेल तर सरांशी बोला, बहुतेक जण अर्धा तास मागंपुढं करतात.

या आठवड्यात तुम्ही आणि त्याचे बाबा दोघंही सराव बघायला जा. मुलाला आधी सांगून जा, चोरून नको. सराव संपल्यावर सरांना बाजूला घेऊन घरचं चिडणं सांगा आणि ते काय म्हणतात ते ऐका. ‘जिंकायला लागला की बरा होईल’ असं उत्तर आलं तर आणखी महिनाभर बघून दुसरं मंडळ शोधा, शहरात खो-खोची चांगली मंडळं आहेत. ‘मलाही तो गप्प वाटत होता, उद्यापासून त्याच्याकडे वही देतो’ असं काही उत्तर आलं, तर मुलाला तिथंच राहू द्या आणि बाबांना महिन्यातून एकदा तरी मैदानाच्या कडेला उभं राहायला सांगा, न ओरडता.